ओल्या-सुक्याचा मोबदला

घरातला ओला कचरा एका बादलीत, सुका दुसऱ्या बादलीत आणि डायपर, सॅनिटरी नॅपकिन, फुटलेली ट्यूबलाइट, संपलेले सेल हा ऐवज निराळा बांधून देणे, एवढ्यालाच कचऱ्याचे वर्गीकरण म्हणतात. काम अवघड नाही, पण ते रोजचे आहे, आणि त्याचा लाभ करणाऱ्याच्या पदरात पडत नाही. पुण्यात कोथरूडच्या एखाद्या घराने भाजीची देठे वेगळी ठेवली, तर सुटका व्हायची ती उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांची. कारण शहराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात येऊन पडत होता आणि विहिरींचे पाणी नासत होते. कष्ट एकाचे आणि सुख भलत्याचे असे असले की माणसे टाळाटाळ करतात. मग सक्ती करावी, विनवणी करावी की मोबदला द्यावा, असा प्रश्न नगरपालिकांपुढे उभा राहतो. यांतल्या तिसऱ्या वाटेचा हा विचार आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. अलमित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेतून २०००चे नागरी घनकचरा नियम आले. त्यांच्या जागी ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम लागू झाले. या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणे प्रत्येक घराला बंधनकारक केले, शुल्क आणि जागेवर दंड आकारण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली आणि मोठ्या कचरा उत्पादकांवर वेगळी जबाबदारी टाकली. म्हणजे मोबदल्याचा विचार येतो तो कर्तव्य आधीच ठरून गेल्यानंतर. जे करणे कायद्याने भागच आहे, त्यासाठी वर पैसे कशाला, हा आक्षेप तिथूनच निघतो. त्याचे उत्तर तत्त्वात शोधून सापडत नाही. बादली उघडून पाहावी लागते.

मिश्र कचऱ्याची पिशवी फुटली की आत काय असते? चहाचा चोथा, केळीची साल, आमटीत भिजलेले वर्तमानपत्र, दुधाची न धुतलेली पिशवी, दाढीचे पाते आणि कागदात नीट न गुंडाळलेले डायपर. कोरडी रद्दी विकली जाते. भिजलेल्या रद्दीला भंगारवाला हात लावत नाही. पुठ्ठ्याचेही तेच. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर तिला दर मिळतो. आंबून वास मारू लागली की तीच पिशवी ओझे होते. उलट बाजूने, ओल्या कचऱ्यात काचेचे तुकडे आणि प्लॅस्टिकचे कपटे गेले तर त्याचे खत शेतकरी फुकटसुद्धा नेत नाही. दोन्ही मालांची किंमत एकमेकांच्या संगतीने बुडते आणि मग सगळेच डेपोवर जाते. तिथे ओला कचरा हवेवाचून कुजतो, मिथेन वायू धरतो आणि पेट घेतो. मुंबईच्या देवनार क्षेपणभूमीवर १९२७पासून कचरा पडत आला आहे. तिथे जानेवारी २०१६मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पुढच्याच महिन्यात, शहराला कचरा टाकायला जागा नाही या कारणावरून, मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. वर्गीकरण न करण्याची किंमत एखाद्या शहराला किती मोजावी लागते, याचे याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात नाही.

मोबदल्याची कल्पना मराठी घराला मुळीच नवी नाही. वर्तमानपत्रांची घडी घालून माळ्यावर ठेवणे, काचेच्या बाटल्या मोरीच्या कोपऱ्यात उभ्या करणे, जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधून बोहारणीची वाट पाहणे आणि दोन साड्या, एका पँटीवर स्टीलचा डबा मिळवताना तासभर घासाघीस करणे, हे सगळे वर्गीकरणच होते. त्याचा मोबदलाही रोख किंवा भांड्यांच्या रूपाने दारातच मिळायचा. या व्यवहारात कुणाला जनजागृती करावी लागली नाही. मात्र तो चालतो तो ज्या वस्तूला बाजारात भाव आहे तिच्यापुरता. खरकटे, साली, निर्माल्य, वेफर्सची चकचकीत पाकिटे यांना भाव नाही. भारतीय शहरांच्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो. त्यामुळे प्रश्न येतो तो या बिनभावाच्या भागाचा, आणि बाजार तिथे मदतीला येत नाही. भाव असलेल्या मालाचाही हिशेब फारसा मोहात पाडणारा नाही. समजा चौघांच्या घरातून महिन्याला सहा-सात किलो विकाऊ सुका माल निघाला, तर भंगाराच्या दुकानात त्याचे शंभर-सव्वाशे रुपये येतील. एवढ्यासाठी सुखवस्तू घर रोज पिशव्या धुणार नाही. कचरा वेचून पोट भरणाऱ्या बाईला मात्र अशा दीडशे घरांच्या मालावर महिना काढता येतो. पुढच्या साऱ्या विवेचनाचे सूत्र या तफावतीतच आहे.

ज्या देशांनी या प्रश्नाला आर्थिक अंगाने हात घातला, त्यांनी बहुधा बक्षिसाऐवजी किमतीचा मार्ग घेतला. स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालेन शहराने १९७५मध्येच कचऱ्याच्या पिशवीवर शुल्क बसवले. पुढे ही पद्धत देशात बहुतेक ठिकाणी पसरली. तिथे अधिकृत पिशवीतूनच मिश्र कचरा टाकता येतो. पस्तीस लिटरच्या पिशवीला साधारण दोन फ्रँक पडतात. कागद, काच, धातू वेगळे नेऊन दिले तर पैसे पडत नाहीत. कुणी साध्या पिशवीतून कचरा टाकलाच तर पालिकेचे लोक ती उघडून आत पत्त्याचे पाकीट सापडते का हे पाहतात. तैपेई शहराने जुलै २०००पासून असेच पिशवीशुल्क लावले. तिथे कचरा रस्त्यावर ठेवायचाच नाही. बेथोव्हेनच्या धूनवर गाडी आली की नागरिकांनी खाली उतरून स्वतः टाकायचा. आपल्या घंटागाडीच्या गाण्यांना इतका अभिजात मान अजून मिळालेला नाही.

दक्षिण कोरियाचा अनुभव अधिक बोलका आहे. १ जानेवारी १९९५पासून तिथे देशभर कचऱ्याच्या आकारमानाप्रमाणे शुल्क सुरू झाले. वेगळा दिलेला पुनर्वापराचा माल फुकट, उरलेला विकतच्या पिशवीत. २००५मध्ये अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आली, आणि पुढच्या दशकात इमारतींच्या आवारात वजन करणारे डबे बसू लागले. घरातल्या माणसाने कार्ड टेकवले की डब्याचे झाकण उघडते, टाकलेल्या अन्नाचे वजन पडद्यावर दिसते आणि ते त्या घराच्या हिशेबात चढते. याचा एक मजेदार परिणाम असा की माणसे खरकट्यातले पाणी निथळून, दाबून काढू लागली; कारण अन्नाच्या कचऱ्यात पाण्याचाच भार मोठा आणि पाण्याचेही पैसे पडतात. पालिकेला हवे होते ते नेमके हेच. ओला कचरा कोरडा आला तर वाहतूक स्वस्त होते आणि प्रक्रियाही सुकर होते. इथे बक्षीस कुणी कुणाला देत नाही, तरी जे घर नीट वेगळे करते त्याचे बिल कमी येते.

किमतीच्या मार्गाची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल गावाने दर पिशवीला ८० सेंट शुल्क लावले, तेव्हा डॉन फुलर्टन आणि थॉमस किनामन या अर्थतज्ज्ञांनी ७५ घरांचा कचरा शुल्काच्या आधी आणि नंतर मोजला. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पिशव्यांचे आकारमान ३७ टक्क्यांनी घटले, वजन मात्र फक्त १४ टक्क्यांनी. लोक कचरा कमी करत नव्हते, पिशवीत तुडवून बसवत होते. शिवाय जी घट दिसली तिच्यातला २८ टक्क्यांपर्यंतचा भाग भलतीकडे गुपचूप टाकलेल्या कचऱ्याचा असावा, असा त्यांचा अंदाज होता. मोकळा भूखंड, नाला आणि रात्रीचा अंधार हे तिन्ही मुबलक असलेल्या शहरात या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पिशवीमागे पैसे लावायचे तर चोरून टाकणाऱ्याला पकडण्याची व्यवस्था आधी हवी; पुण्यातल्या ‘क्रॉनिक स्पॉट’ची, म्हणजे पुन्हापुन्हा कचरा टाकल्या जाणाऱ्या जागांची, ख्याती पाहता ती व्यवस्था झाली आहे असे म्हणवत नाही.

म्हणून दंडापेक्षा, शुल्कापेक्षा बक्षीस बरे, असे अनेकांना वाटते. बक्षीस मिळवायला माणूस कचरा लपवत नाही, उलट आणून दाखवतो. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने हे फार आधी ओळखले. महापौर जैमी लर्नर यांच्या काळात, १९८९च्या सुमारास, ज्या वस्त्यांतल्या अरुंद बोळांतून गाडी जाऊ शकत नव्हती तिथल्या लोकांना कचऱ्याची पिशवी आणून दिल्यावर बसची तिकिटे मिळू लागली. १९९१पासून चार किलो सुक्या कचऱ्यावर एक किलो भाजी-फळे अशी अदलाबदल सुरू झाली. शहराभोवतीच्या शेतकऱ्यांचा जादा माल त्यासाठी घेतला जाई. छत्तीसगडमधील अंबिकापूरने २०१९मध्ये सुरू केलेले ‘गार्बेज कॅफे’ याच वळणाचे आहे. तिथे किलोभर प्लॅस्टिकवर जेवण मिळते आणि अर्ध्या किलोवर नाश्ता. दोन्ही योजना गरिबापर्यंत पोचतात, कारण बक्षिसाची किंमत त्याच्या लेखी मोठी आहे. पण या मार्गाने जमा होतो तो गोळा केलेला माल; घरोघर रोज दोन बादल्या ठेवण्याची सवय त्यातून लागेलच असे नाही. प्लॅस्टिक घेऊन कॅफेत येणारा बहुधा ते रस्त्यावरून वेचून आणतो. ते उपयोगाचेच, मात्र प्रश्न वेगळा.

मध्यमवर्गीय घरासाठी गुणांच्या योजना निघाल्या. इंग्लंडमधल्या विंडसर आणि मेडनहेड परिसरात २००९मध्ये चिप बसवलेले डबे वाटले गेले. गाडी डबा उचलताना वजन करी आणि वजनाप्रमाणे घराच्या खात्यावर दुकानांत वापरायचे गुण जमा होत. यातली खोच उघड आहे. गुण वजनाला असतील तर जे घर अधिक बाटल्या विकत आणते त्यालाच अधिक गुण. पाणी माठातले पिणाऱ्याला शून्य. शांघायमध्येही नीट वर्गीकरणाबद्दल ‘हिरव्या खात्या’त गुण जमा करून त्यांवर रोजच्या वापराच्या वस्तू देण्याची योजना बरीच वर्षे चालली. तरी शहर खऱ्या अर्थाने हलले ते १ जुलै २०१९पासून वर्गीकरण सक्तीचे झाल्यावर. व्यक्तीला ५० ते २०० युआन दंड ठरला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठरलेल्या वेळी उघडणाऱ्या डब्यांजवळ प्रत्येक पिशवी पाहायला माणसे उभी राहिली. गुण, दंड, दोन्हींपेक्षा त्या उभ्या माणसांचा धाक मोठा होता.

महाराष्ट्रातली योजना बहुतेक करसवलतीच्या रूपात आहे. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल साठवण यांपैकी एक सोय असल्यास मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के सूट देते. मुंबई महापालिकेने २०१९च्या सुमारास गृहनिर्माण संस्थांसाठी मालमत्ता करात ५ ते १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची योजना आणली. ओला कचरा आवारातच जिरवणे, सुका पुनर्वापराला देणे आणि सांडपाणी शुद्ध करून वापरणे हे तिचे तीन टप्पे. हेतू चांगला असला तरी सवलत कुणाच्या खिशात जाते हे पाहिले की तिचा लंगडेपणा लक्षात येतो. घर भाड्याचे असेल तर बादल्या भाडेकरू सांभाळतो आणि सूट मालकाच्या बिलात पडते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२मध्ये मालमत्ता करच माफ झाला. त्या घरांना करसवलतीचे आमिष दाखवण्यात अर्थ नाही. झोपडपट्टीतल्या घराचा प्रश्नच येत नाही. ऐंशी सदनिकांच्या इमारतीत सवलत सगळ्यांना मिळून एकच असते, त्यामुळे चौथ्या मजल्यावरचे एक घर बेफिकीर राहिले तरी त्याच्या वाट्याची सूट कायम राहते आणि नीट वागणाऱ्याचा वाटा काही वाढत नाही. शिवाय सूट मिळते ती खड्डा बांधल्याबद्दल. बांधकामाच्या परवानगीसाठी घेतलेला गांडूळखताचा खड्डा पुढे कुंड्या ठेवायला वापरला जातो हे सोसायट्यांच्या वार्षिक सभांना बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

याहून आतली गोष्ट अशी की घरात वर्गीकरण करते कोण? बहुतेक घरांत स्वयंपाकघर सांभाळणारी बाई आणि धुणीभांडी करायला येणारी बाई. सवलतीचे बिल या दोघींपैकी एकीच्याही हातात येत नाही. भांडी घासणारीने खरकटे गाळून निराळे ठेवावे अशी अपेक्षा असेल, तर तिच्या पगारात त्या कामाचे दोन पैसे वाढवणे हा सर्वांत सरळ मोबदला ठरेल. सोसायटीच्या सूचनाफलकावर मात्र असे कधी लागत नाही.

बक्षीस घराऐवजी गावाला द्यायचे, हा खास महाराष्ट्राचा प्रयोग. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावागावांत चुरस लागली. पंचक्रोशीत नाव व्हावे म्हणून लोकांनी स्वतः खर्च केला, श्रमदान केले. सरकारने दिलेल्या रकमेपेक्षा उभी राहिलेली लोकवर्गणी मोठी होती. शेजाऱ्याची नजर तिथे फुकट तपासनीस होते, हे या योजनेचे बळ. तपासणी समिती येऊन गेल्यावर उत्साह ओसरतो, हे तिचे वैगुण्य. छोट्या शहरात हीच नजर टिकवता येते. वेंगुर्ला नगरपरिषदेत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत, २०१५नंतर, घरातूनच कचरा वेगवेगळा येऊ लागला आणि जिथे डेपो होता तिथे बायोगॅस व प्लॅस्टिक तुकडे करण्याची यंत्रे असलेले पाहण्याजोगे ठिकाण उभे राहिले. लहान गावात कुणाची बादली कशी आहे ते सगळ्यांना माहीत असते. पस्तीस मजली मनोऱ्यात, जिथे कचरा दाराबाहेर ठेवला की दिसेनासा होतो, तिथे ते माहीत असण्याचा संभव नाही.

सगळ्या योजनांची गाडी शेवटी इथेच येऊन अडते. मोबदला द्यायचा तर वर्गीकरण झाले की नाही हे रोज, घरागणिक कळायला हवे. कोरियाने त्यासाठी यंत्र बसवले, शांघायने माणसे उभी केली. भारतात रोज प्रत्येक घराच्या बादलीत डोकावणारी एक व्यक्ती आधीच आहे, ती म्हणजे कचरा गोळा करणारी. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि तिच्यातून वाढलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८मध्ये दारोदार संकलनाचा करार केला. तिच्या सभासद कचरावेचक घरोघरी जातात, ढकलगाडीवर ओला-सुका वेगळा घेतात, घरांकडून महिन्याचे शुल्क घेतात आणि सुक्यातला विकाऊ माल विकून त्याचे पैसे स्वतःकडे ठेवतात. ओला कचरा फीडर पॉइंटवर, म्हणजे ठरलेल्या थांब्यावर, महापालिकेच्या गाडीत जातो. या रचनेत वर्गीकरणाचा मोबदला कुणीतरी आधीच घेते आहे, फक्त ते घर नाही. घराने नीट वेगळे करून दिले तर तिचा दिवसाचा तास-दीड तास वाचतो, माल कोरडा राहतो, दर चांगला येतो. मिश्र दिले तर तिला उकिरड्यात हात घालून तेच काम करावे लागते, आणि त्या वेळाचे पैसे मिळत नाहीत.

याचा अर्थ असा की घराने केलेल्या वर्गीकरणाची नोंद ठेवण्याची पात्रता आणि गरज दोन्ही तिच्याकडे आहेत. महिन्याच्या शुल्काच्या पावतीवर तिनेच शेरा मारावा आणि सलग नीट देणाऱ्या घराला शुल्कात सूट मिळावी, अशी पद्धत बसवणे यंत्रांच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. अट एकच. ती सूट तिच्या कमाईतून कापली जाता कामा नये. वाहतूक आणि प्रक्रियेवर महापालिकेचा जो खर्च वाचतो त्यातून ती भरून यावी. नाहीतर चांगल्या घरांची संख्या वाढेल तशी तिचीच मिळकत घटेल, आणि तिला खरा शेरा मारण्यात काही हित उरणार नाही. घरमालकाशी रोजचा संबंध असलेल्या बाईने प्रतिकूल शेरा मारला तर दुसऱ्या दिवशी दार कसे उघडले जाईल, ही अडचणही खरी आहे. म्हणून शेरा उघड न ठेवता गटप्रमुखामार्फत नोंदवणे अधिक शहाणपणाचे.

त्याच्याही आधी एक साधी गोष्ट हवी. दारात वेगळा घेतलेला कचरा खाली गाडीत एकत्र ओतला जाताना ज्याने एकदा पाहिला, त्याला पुढे कोणतेही बक्षीस हलवू शकत नाही. तीन कप्प्यांची गाडी आणि वेळेवर येणारी गाडी हा पहिला मोबदला, बाकीचे त्यानंतर. इंदूरला शहरांची क्रमवारी लावणाऱ्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त २०१७पासून लागोपाठ वरचा क्रमांक मिळत गेला, त्यामागे कप्पे असलेल्या गाड्यांचा आणि रोजच्या तपासणीचा वाटा बक्षिसांपेक्षा मोठा आहे; ओला कचरा खरोखर शुद्ध येतो म्हणूनच तिथे रोज ५५० टन क्षमतेचा बायोसीएनजी प्रकल्प २०२२मध्ये सुरू होऊ शकला.

सुक्या मालातल्या काही वस्तूंसाठी घराला हात न लावता दुकानातूनच मोबदला देता येतो. वस्तू घेताना थोडी जादा रक्कम द्यायची आणि रिकामे वेष्टन परत केल्यावर ती परत घ्यायची. सोड्याच्या बाटलीचे डिपॉझिट ही जुनी ओळखीची रीत. महाराष्ट्राने मार्च २०१८च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटल्यांवर एक-दोन रुपयांची पुनर्खरेदी किंमत छापण्याची तरतूद केली, आणि २०१९मध्ये दुधाच्या पिशवीवर पन्नास पैशांच्या ठेवीचीही घोषणा झाली. दुकानदार माल साठवायला तयार नव्हते, कंपन्यांची संकलन केंद्रे उभी राहिली नाहीत आणि दोन्ही गोष्टी कागदावर राहिल्या. तमिळनाडूत सरकारी दारूदुकानांच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन परत देण्याची पद्धत मद्रास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली २०२२मध्ये नीलगिरीपासून सुरू झाली. ती चालली, कारण विकणारा एकच होता आणि रक्कम दुर्लक्ष करण्याइतकी लहान नव्हती.

उरतो तो सॅनिटरी कचरा. त्याला कोणत्याही योजनेत बक्षीस नाही, कारण आत काय आहे हे तपासायला पुडके उघडावे लागेल आणि ते कुणाला करायला लावू नये हाच तर सारा खटाटोप. पुण्यातल्या कचरावेचकांनी त्यावर लाल ठिपक्याची मोहीम काढली: वापरलेले पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर पेनाने लाल ठिपका काढायचा, म्हणजे हातात घेणारीला न उघडता कळते. पॅडच्या प्रत्येक पाकिटाबरोबर ते गुंडाळून टाकण्याची पिशवी देण्याचे काम २०१६च्या नियमांच्या १७व्या कलमाने उत्पादकांवर टाकले होते.